स्वच्छ चित्रातली शर्यत

अक्का, परवा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. टेलिफोन ऑफिसमधल्या तुमच्या मैत्रिणी बोदवडहून आल्या होत्या. ट्रंक कॉल जोडून देताना तुम्ही "बोला" म्हणायचात, तेवढ्या एका शब्दावरून गावातले व्यापारी तुम्हाला ओळखायचे, असं त्यांनी सांगितलं. कोणी तुमच्या जिद्दीबद्दल बोललं, कोणी पोलिओबद्दल. "अपंगत्वावर मात" हे शब्द इतक्यांदा आले की मला उठून आत जावंसं वाटलं. भंतेजींनी अनित्यतेबद्दल सांगितलं, सगळ्यांनी माना हलवल्या. मोटारींच्या शर्यतींचं मात्र कोणी नाव काढलं नाही.

त्यांना माहीतच नसणार. जळगावातली, पायाला लोखंडी कॅलिपर बांधून कुबडीवर चालणारी, टेलिफोन खात्यातली एक बाई दर रविवारी युरोपातल्या शर्यती बघते, हे आपण दोघींनी कुणाला सांगितलंही नव्हतं. तुमचा भाऊ प्रकाश, माझा नवरा, त्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्या लेखी तो अक्कांच्या खोलीतला आवाज होता, गिरणी चालू असावी तसा.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या आईने मला शिरपूरच्या स्टँडवर बाजूला घेऊन सांगितलं होतं की नणंद घरातच राहणार आहे, जन्माची जबाबदारी शे ती, मन धट कर. मी मन धट करूनच आले होते. पहिले काही दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोलायचात. मग तो रविवार आला. ऊन कलायला लागलं होतं. तुम्ही कॅलिपर काढून ठेवला, उजवा पाय हाताने उचलून पलंगावर घेतला आणि टीव्ही लावला. मी चहा घेऊन आले तर पडद्यावर लाल, निळे, पिवळे ठिपके गोल फिरत होते आणि भुंग्यासारखा आवाज येत होता.

मी विचारलं, हे काय. तुम्ही म्हणालात, रेस. मग मी विचारलं की पुढे कोण आहे, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "ते दिसत नाही. अंदाज करायचा."

त्या वेळची केबल कशी होती, ते आता कुणाला सांगूनही पटणार नाही. वारा सुटला की चित्र हलायचं. शेजारच्यांनी मिक्सर लावला की पडद्यावर मुंग्याच मुंग्या. गाड्यांवरचे नंबर वाचता यायचे नाहीत, म्हणून तुम्ही हेल्मेटच्या रंगांवरून माणसं लक्षात ठेवली होती. एखाद्या शर्यतीत गाड्या अचानक हळू व्हायच्या, घसरायच्या, आणि आपण दोघी वाद घालत बसायचो, की तिकडे पाऊस पडतोय की आपल्याकडे मुंग्या आल्यात. तुम्ही म्हणायचात पाऊस, मी म्हणायचे मुंग्या. कोणीतरी गाडीचे टायर बदलायला आत वळलं की तुम्ही विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायचात. त्या वादात मी नेहमी हरत गेले, आणि त्या हरण्यातच माझी तुमच्याशी ओळख झाली.

तुम्हाला हे का आवडतं, ते मी एकदाच विचारलं. मला वाटलं होतं तुम्ही वेगाबद्दल काही सांगाल. तुम्ही म्हणालात, "यात कोणी पळत नाही, छाया. सगळे बसलेले असतात." एवढं सांगून तुम्ही आवाज वाढवलात.

आता शिरपूरचं सांगते. ते तुमच्याशी कधीच बोलले नाही.

लग्नाला काही वर्षं झाली होती तेव्हा माझं बाळ पोटातच गेलं. दिवस बरेच भरले होते. दवाखान्यातून घरी आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, असं होत असतं, पुन्हा राहील. त्या वाईट मनाने म्हणाल्या नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या दोन मुली गेल्या होत्या. प्रकाश दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला गेले आणि परत येऊन वर्तमानपत्र वाचत बसले. त्या घरात कुणी मोठ्याने रडलं असतं तर मी राहिले असते. पण सगळे हळू आवाजात बोलत होते आणि जेवणं वेळेवर होत होती. मी बॅग भरली आणि माहेरी गेले. आठ दिवसांचं सांगून गेले आणि परतायचं नाव काढेना. प्रकाशचा फोन यायचा, बरी आहेस ना, एवढं विचारायचे आणि फोन ठेवायचे. मनातल्या मनात मी ठरवत आले होते की आता जायचंच नाही.

एका रविवारी दुपारी तुम्ही दारात उभ्या. एकट्या. धुळ्याला गाडी बदलून आल्या होतात. एसटीच्या त्या उंच पायऱ्या तुम्ही दोनदा चढलात आणि दोनदा उतरलात. तोंड धुळीने भरलेलं, काखेत कुबडीचा वळ उठलेला. आईने पाणी दिलं आणि आतल्या खोलीत येऊन माझ्या कानात म्हणाली, "तुले लेवाले उनी शे ती. मले बठ्ठं समजस." तुम्ही मला न्यायला आलात म्हटल्यावर मी बाहेर आले नाही. समजुतीच्या गोष्टी ऐकायची माझी तयारी नव्हती.

बाहेरून तुमचा आवाज आला. तुम्ही आईला विचारत होतात की तुमच्याकडे केबल आहे ना, आमच्याकडे आज लाईट नाही, आणि आज रेस आहे.

आईला काही कळेना. तिने टीव्ही लावला, पण चॅनेल कुणाला सापडेना, शेवटी मलाच बाहेर यावं लागलं. मी चॅनेल लावलं आणि उठून जाणं बरं दिसेना म्हणून तुमच्या शेजारी बसले. तुम्ही मला पुढे कोण, मागे कोण सांगत राहिलात. अर्धी शर्यत झाली असेल. पडद्यावरची नजर न काढता तुम्ही विचारलंत, "मुलगा होता की मुलगी, सांगितलं का त्यांनी?"

अक्का, तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण माझ्याकडून ते ऐकून घ्यायला कुणी नव्हतं. मुलगी, मी म्हटलं. तुम्ही "हं" म्हणालात. बऱ्याच वेळाने पुन्हा विचारलंत की मनात काही नाव ठेवलं होतं का. मी नाव सांगितलं. तुम्ही ते एकदा हळू उच्चारलंत, नीट, ट्रंक कॉलवर नावाची खात्री करून घ्यावी तसं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते आपल्या दोघींनाच माहीत होतं, आता मला एकटीला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तुम्ही गेलात. चल म्हणाल्या नाहीत. कधी येतेस, असंही विचारलं नाहीत. पुढच्या आठवड्यात मी आपणहून परत आले. बोलता बोलता सासूबाईंना विचारलं की त्या रविवारी लाईट कधी आली. त्या म्हणाल्या, लाईट कुठे गेली होती? म्हणजे शर्यत बघायला तुम्हाला शिरपूरला यायची गरजच नव्हती. मला हे कळलंय, हे मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही. तुम्हीही तो विषय काढला नाहीत. मला पुन्हा मूल झालं नाही. सासूबाई गेल्या. घरात आपण तिघं राहिलो, आणि रविवार.

मग एचडी आलं. तुम्ही नोकरीतून निवृत्त झालात त्या सुमाराला. पहिल्यांदा तुम्हीच ते कुठेतरी वाचलंत, की आता शर्यती नव्या चॅनेलवर दाखवणार, चित्र काचेसारखं. प्रकाश म्हणाले, बातम्या आहेत त्याच दिसणार ना. तरी तुम्ही भिंतीवरचा मोठा टीव्ही मागवलात, छतावर छत्री बसवून घेतलीत. बसवणारा माणूस गेल्यावर तुम्ही मला गच्चीवर पाठवलंत, ती वाऱ्याने हलत तर नाही ना ते बघायला.

तो पहिला रविवार मला अजून जसाच्या तसा आठवतो. बेल्जियमच्या जंगलातली शर्यत होती. गाड्या सुटायच्या आधी कॅमेरा एकेका चालकाजवळून गेला आणि हेल्मेटच्या फटीतून त्यांचे डोळे दिसले. एकाच्या भुवईवर घाम होता. रस्त्याच्या कडेला टायरच्या रबराचे काळे तुकडे पडलेले दिसत होते. आपण इतकी वर्षं तो रस्ता नुसता राखाडी पट्टा म्हणून बघितला होता. ब्रेक दाबला की चाकाच्या आत निखाऱ्यासारखं लाल व्हायचं. आणि शर्यतीच्या मध्यात पाऊस आला, खराखुरा, एकेक थेंब कॅमेऱ्याच्या काचेवरून ओघळताना. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, घे, पाऊस. दोघीही हसलो. त्या दिवशी तुमचा चहा तसाच निवून गेला.

पण माझ्या एक लक्षात आलं होतं, ते मी तेव्हा बोलले नाही. आता आपल्याला भांडायला काही उरलं नव्हतं. सगळं दिसतच होतं. तुम्ही पुढे कोण ते सांगायच्या आत पडद्यावर नाव यायचं.

आणखीही एक होतं. जुन्या चित्रात गाड्या आदळायच्या आणि ठिपके विखुरायचे, बस. आता माणसं दिसायला लागली. एकदा एकजण भिंतीला धडकला. गाडीतून तो स्वतः बाहेर आला, त्याला काही झालं नव्हतं. पण टायरांच्या ढिगाऱ्यावर बसून तो दाताने हातमोजा ओढत होता आणि तो निघत नव्हता. कॅमेरा तिथून हलेना. तुम्ही रिमोट शोधायला लागलात. रिमोट तुमच्या मांडीवरच होता.

त्यानंतर कधीतरी ते पायांचं चित्र आलं. गाडीच्या आत, खाली, पायांजवळ कॅमेरा बसवला होता. मऊ बूट घातलेले दोन पाय, एक ब्रेकवर, एक वेगावर. ते नाचत होते अक्का, दुसरा शब्द नाही. अंगठा किंचित दाबला की गाडी सुटायची, किंचित उचलला की थांबायची. तुम्ही पुढे झुकून बघत होतात. दोनदा तेच चित्र दाखवलं. मग तुम्ही मागे टेकलात आणि म्हणालात, "शेवटी पायच लागतात."

मी म्हटलं, ते काय तुम्हाला माहीत नव्हतं का. तुम्ही म्हणालात, "माहीत होतं. दिसलं नव्हतं."

त्या रात्री तुम्ही जेवल्या नाहीत. मला मात्र तुमच्यासाठी काहीतरी करावं असं फार वाटायला लागलं. मोबाईलवर शोधता शोधता कळलं की पाय गमावलेला एक चालक हाताच्या दांड्यावर शर्यतीची गाडी चालवतो. ते चित्र तुम्हाला दाखवलं. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि विचारलंत की आपल्याकडे असं कोण करून देतं. असं सुरू झालं ते. धुळ्याला आग्रा रोडला रफिकभाईंचं गॅरेज सापडलं, तिथे ते गाड्यांना असे दांडे बसवून देत होते. एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. रफिकभाईंनी स्टिअरिंगच्या बाजूला दांडा लावला, ओढला की वेग, ढकलला की ब्रेक. पायाचे पेडल तसेच ठेवले, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणालाही चालवता येईल.

प्रकाश या सगळ्याच्या विरोधात होते. हायवेवरचे ट्रकवाले कुणाचं ऐकत नाहीत, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. एमआयडीसीतले रस्ते रविवारी सकाळी रिकामे असतात, तिथे तुम्ही शिकलात. आरटीओतल्या साहेबांनी तुमची परीक्षा घेतली तेव्हा तेच जास्त घाबरले होते. आणि मग एक दिवस आपण दोघी एरंडोलपर्यंत जाऊन आलो.

परवा लोक तुमच्याबद्दल बोलत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो दिवस होता. हिवाळ्याची सकाळ. समोर कापसाने भरलेला ट्रॅक्टर, इतका भरलेला की रस्ता झाकून टाकलेला. तुम्ही आरशात बघितलंत, सिग्नल दिलात, दांडा ओढलात. आणि पुटपुटलात, जा, जा. ट्रॅक्टर मागे पडला. तुम्ही हसत होतात, आवाज न करता, खांदे हलवत. एरंडोलला आपण गाडीतच बसून चहा प्यायलो. चहावाल्याने कप खिडकीतून दिला आणि तुम्हाला बाई उतरा ना, असं म्हणाला. तुम्ही म्हणालात, नाही, बसलेलीच बरी आहे. पुढच्या वेळी धुळ्यापर्यंत जायचं ठरलं.

ते पुढचं कधी आलंच नाही. थंडी सरत आली तेव्हा तुम्हाला हात वर करून केस विंचरता येईनात. आधी वाटलं गार वाऱ्याने धरलंय. मग डॉक्टरांनी सांगितलं की लहानपणापासून पायांचं काम खांद्यांनी केलंय, आता खांदे संपत आले आहेत. पोलिओ झालेल्यांना उतारवयात असं होतं म्हणे, अंगातलं उरलंसुरलं बळही हळूहळू जातं. कुबडी जाऊन व्हीलचेअर आली. तो दांडा ओढणं तुम्हाला जड व्हायला लागलं, तेव्हा कुणी सांगायच्या आत तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, तू शीक. ज्या हातांवर तुम्ही इतकी वर्षं उभ्या होतात तेच हात, गाडी मिळाली आणि गेले. मी तुमची वेणी घालायचे तेव्हा तुम्ही आरसा उलटा ठेवायला लावायचात.

मी शिकले, पण तुमच्या मनासारखी कधीच शिकले नाही. तुम्ही शेजारी बसून ओरडायचात, ओव्हरटेक कर, जागा आहे, कर ना. मी करायचे नाही. घरी येईपर्यंत आपलं भांडण चालायचं.

त्याच दिवसांत तुम्ही शर्यत जुन्या चॅनेलवर लावायला सांगितलीत, साध्या चित्राच्या. मला वाटलं चुकून म्हणालात. मी एचडी लावलं, तुम्ही पुन्हा म्हणालात, "ते साधं लाव." पुढे शर्यती टीव्हीवरून गेल्या आणि मोबाईलच्या ॲपवर आल्या, तिथेही चित्राची प्रत कमी करून घ्यायला लावायचात. प्रकाशना वाटायचं की नेट कमी लागावं म्हणून. मला मात्र राग यायचा. एवढ्या हौसेने आणलेला टीव्ही, त्यावर मुद्दाम धूसर काय बघायचं? मी वाद घालायचे, की खरं जे आहे ते दिसायला पाहिजे. तुम्ही म्हणायचात की आधी आपल्याला काम असायचं, अंदाज करायचं, आता बघणाऱ्याला काही कामच उरलं नाही. मी म्हणायचे, पण तेव्हा चुकीचं दिसायचं. त्यावर तुम्ही म्हणालात, "चुकीचं दिसलं तर काय बिघडायचं? शर्यत तर तिकडे व्हायचीच."

मी चित्र साधं करून दिलं. उत्तर नंतर सुचेल असं वाटलं होतं.

या वर्षी छातीचं सुरू झालं. झोपल्यावर धाप, मग बसल्यावरही. दवाखान्यात नेलं त्या सकाळी गाडी मीच चालवत होते. प्रकाश मागे तुम्हाला धरून बसले होते. हायवेवर केळीचा ट्रक पुढे होता, हळू, झोकांड्या देत. तुम्हाला बोलायला श्वास पुरत नव्हता. तरी मागून आवाज आला, "कर ना." मी सिग्नल दिला आणि ट्रकच्या बाजूने गाडी काढली. तुम्ही "हं" म्हणालात. ड्रायव्हिंगबद्दल तुमच्याकडून मला मिळालेली शाबासकी ती तेवढीच.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून स्कॅनबद्दल सांगितलं. प्रकाशनी हात जोडून विनंती केली की अक्काला सगळं सांगू नका, ती घाबरेल. आम्ही आत आलो तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसल्या होतात, नाकाला नळी. आमची तोंडं बघितलीत आणि डॉक्टरांना म्हणालात, "मला दाखवा."

डॉक्टरांनी प्रकाशकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "त्याच्याकडे नका बघू. फोटो माझा आहे."

त्यांनी संगणकाचा पडदा तुमच्याकडे वळवला. काळ्या पडद्यावर दोन फुप्फुसं होती. तुम्ही म्हणालात, मोठं करा. त्यांनी केलं. अजून मोठं, तुम्ही म्हणालात. हे पांढरं काय, असं विचारलंत. तो खराब झालेला भाग, त्या म्हणाल्या. आणि चांगला कुठला? डॉक्टरांनी बोट ठेवलं. ते बोट पुरेसं होतं, चांगला भाग झाकायला. तुम्ही पुढे झुकून बघत राहिलात, तसंच, जसं त्या पायांच्या चित्राकडे बघितलं होतं. वर्षभर धूसर शर्यती बघणाऱ्या तुम्ही. मी खिडकीबाहेर बघत होते. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

"छाया, बघ," तुम्ही म्हणालात. "तूच म्हणायची ना, दिसायला पाहिजे."

मी बघितलं नाही अक्का. मला नाही बघवलं. मला तुम्हाला विचारायचं होतं की शर्यत साध्या चित्रात हवी आणि हे असं मोठं करून हवं, असं का. कदाचित तुम्हाला सरळ उत्तर देता आलं असतं. कदाचित तुम्ही नुसतं "हं" म्हणाल्या असतात. आपला वाद तिथेच राहिला, आणि आता माझ्या बाजूने बोलायचंही माझ्यात बळ नाही, कारण मी बघणारी नव्हते, बघणाऱ्या तुम्ही होतात.

त्या आठवड्याच्या रविवारी शर्यत होती. तोंडावर मास्क असल्याने तुम्हाला बोलता येत नव्हतं. प्रकाशनी आपणहून मोबाईल काढला, शर्यत लावली आणि तुमच्यासमोर धरून उभे राहिले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते मधूनमधून सांगत होते, अक्का, निळी पुढे गेली. अक्का, एक लाल थांबली. हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायचे. आयुष्यभर तुमच्याशी चार शब्द न बोललेला हा माणूस तासाहून जास्त वेळ बोलत होता. तुम्ही पडद्याकडे फारसं बघत नव्हतात. त्यांच्याकडे बघत होतात. मी ते बघितलं आणि त्यांना सांगितलं नाही. आता सांगेन म्हणते.

तुम्ही बुधवारी गेलात, दुपारी, मी तुमच्यासाठी नारळपाणी आणायला खाली गेले होते तेव्हा. वर आले तर प्रकाश तुमच्या पायांवरची चादर नीट करत होते. उजव्या पायावरची, पुन्हा पुन्हा.

घरातलं तुमचं सामान अजून तसंच आहे. गाडी प्रकाश विकणार म्हणत होते, आता म्हणत नाहीत. मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, ती इथे सांगते, कारण समोर बसून सांगायची सवय आपल्याला दोघींनाही नव्हती. मला आईने जबाबदारी म्हणून सांगितलं होतं. मी या घरात राहिले ती तुमच्यामुळे. नवऱ्यासाठी राहिले असं लोकांना वाटतं आणि त्यांनाही वाटतं, आणि वाटू दे. पण शिरपूरहून मी परत आले ती तुमच्याकडे आले होते.

काल रविवार होता. कार्यक्रमाची भांडी परत गेली होती, पाहुणे गेले होते. ऊन कलल्यावर प्रकाश तुमच्या खोलीत गेले, मोबाईल टीव्हीला जोडायची खटपट करत बसले. जोडल्यावर मला हाक मारली. मी तुमच्या पलंगाच्या कडेला बसले. चित्र स्वच्छ होतं, त्यांना प्रत कमी करता येत नाही. गाड्या सुटल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ती हिरवी कुणाची?"

मी तोंड उघडलं आणि सवयीने म्हटलं, "अक्कांना विचारा."

आम्ही दोघं शर्यत संपेपर्यंत बसून राहिलो, समोर बघत. कोण जिंकलं ते मला सांगता येणार नाही, अक्का.